अर्धं बोलणं वरच्या मजल्यावर

हलक्या वस्तूवर मापकाकांचा विश्वास नव्हता. वजनमापे निरीक्षक म्हणून उभी नोकरी काढलेल्या माणसाचा तो असणार तरी कसा? पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, तळाला पोचा पाडलेली लिटरची मापं, हे सगळं त्यांनी या दोन डोळ्यांनी पाहिलं होतं आणि या दोन हातांनी जप्त केलं होतं. ते निवृत्त झाले, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. त्यांच्या दारात दूधवाला माप इतकं काठोकाठ भरी, की निम्मं दूध जिन्यावरच्या मांजरीच्या वाट्याला जाई. इमारतीत त्यांना 'मापकाका' म्हणत, अर्थात पाठीमागे. आणि पाठीमागे म्हणतात हे काकांना ठाऊक होतं, कारण लोकांच्या पाठीमागे काय चालतं याची खबर ठेवण्याचाच त्यांना पगार मिळत असे.

तर अशा माणसाच्या तळहातावर कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने नखाएवढी एक वस्तू ठेवली आणि म्हटलं, "हा ब्लूटूथ अडॅप्टर. कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा, झालं काम."

"एवढाच?"

"एवढाच."

"बाकीचा कुठाय?"

बाकीचा नव्हताच. मोबाइलवाल्याने शपथ घेतली तरी काकांनी त्याच्या काउंटरखाली वाकून बघितलं.

हा उद्योग त्यांच्या मागे लागला तो काकूंच्या कानामुळे. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात. तिला दिवस गेले होते, पहिलंच. दर रविवारी ती कॉम्प्युटरवर दिसायची, आणि काकू पदर सारखा करून पडद्यासमोर बसायच्या. पण काकूंना हल्ली कमी ऐकू यायचं, आणि काका आवाज वाढवू द्यायचे नाहीत. भिंतींना कान असतात, असं त्यांचं ठाम मत. त्या घरात भिंतींनाच होते, काकूंना नव्हते, ही खरी अडचण होती. सुरुवातीला काकू "काय? काय म्हणालीस?" असं विचारायच्या. मग विचारणं सोडलं, आणि नुसती मान डोलावून हसायला लागल्या. एका रविवारी लेकीने विचारलं, "आई, तुला ऐकू येतंय ना?" त्यावरही काकू मान डोलावून हसल्या. ते पाहून लेकीचा चेहरा जो पडला, तो जावयाने पाहिला आणि बिनतारेचा हेडफोन पाठवून दिला. हेडफोन आला. तो ज्याला जोडायचा, तो काकांचा कॉम्प्युटर मात्र ब्लूटूथ वगैरे निघायच्या आधीचा.

बिनतारेच्या वस्तूबद्दल काकांची तक्रार मुळातली होती. तार कशी, दिसते. कुठून निघाली, कुठे गेली, मध्ये कुणी जोड मारलाय का, सगळं बोटाने तपासता येतं. हवेतून जाणाऱ्या गोष्टीला मोहर लावायची कुठे? तरीपण काकूंसाठी त्यांनी ती वस्तू घरी आणली, आणि कुणीही शहाणा माणूस पहिल्यांदा जे करील ते केलं. तोळामासा तोलायचा आपला छोटा काटा कपाटातून काढला आणि अडॅप्टर तोलला.

पाकिटावर छापल्यापेक्षा तो हलका भरला.

"बघ!" काका विजयाने ओरडले.

"चालतो का ते बघा आधी," काकू म्हणाल्या.

पण माल कमी भरल्यावर तो चालतो का बघणं, म्हणजे चोराला घरात घेऊन चहा विचारणं. काका तडक आपल्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीत आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, आणि पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "साहेब, हे फोडलेलं आहे. फोडलेल्या पाकिटाची तक्रार घेता येत नाही."

"फोडल्याशिवाय आतली वस्तू हलकी आहे हे कळणार कसं?"

"तेच लोक विचारतात."

"मग हा मूर्ख नियम केला कुणी?"

तो माणूस बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीच, साहेब. लोक घरी नेऊन माल काढून घेतात आणि तक्रार करतात, असा तुमचा संशय होता."

काका चहा न घेता परत आले.

शेवटी अडॅप्टर कॉम्प्युटरच्या मागे खोचला गेला. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उगवली: 'या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?' काकांनी 'नाही' दाबलं. कोण कुठला प्रोग्राम, ओळख ना पाळख, आणि घरात येऊन बदल करणार! पुन्हा खोचला, पुन्हा चौकट, पुन्हा 'नाही'. असा तो आठवडा गेला. रविवारी काहीच बदललेलं नाही हे पाहून काका अडॅप्टरवर भडकले. त्या रविवारी काकूंनी पुन्हा मान डोलावली, आणि सोमवारी काका घरात नाहीत असं बघून त्यांनीच 'हो' दाबून टाकलं. हे त्यांनी काकांना कधीही सांगितलं नाही. आपण दटावल्यामुळे यंत्र सरळ आलं, असंच काका समजून चालले.

आता पडद्यावर यादी आली. आसपासच्या ज्या ज्या वस्तूंना ब्लूटूथ आहे, त्या सगळ्यांची नावं. कुणाचा टीव्ही, कुणाचा फोन, कुणाचं घड्याळ, आणि एक नुसतंच 'राणी'. काकांच्या अंगावर काटा आला. आपल्या घरात, आपल्या कॉम्प्युटरवर, या परक्यांची हजेरी कशासाठी? ही राणी कोण? त्यांनी सगळी नावं पाठ केली आणि इमारतीच्या सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरी गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून पाणी बघत होते.

"आपल्या इमारतीतली माणसं माझ्या घरात डोकावतायत," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी टाकीतून डोकं काढलं आणि सगळं ऐकून घेतलं. "अहो, डोकावत नाहीत. ती नुसती नावं असतात. तुमच्याकडे त्यांची दिसतात, तशी त्यांच्याकडे तुमचं दिसतं."

"माझं?"

"'काकांचा डबा', तो तुमचाच ना? आमच्या मंडळींना कालपासून दिसतोय. अख्ख्या इमारतीत चर्चा आहे, कुठल्या काकांचा म्हणून."

कॉम्प्युटर पहिल्यांदा आणला तेव्हा पुतण्याने बसवून दिला होता. नाव काय द्यायचं असं त्याने विचारलं होतं, आणि काका म्हणाले होते, दे काहीतरी साधं. आता ज्या माणसाला पाहून बाजारपेठ वजनं लपवायची, तो माणूस इमारतीतल्या प्रत्येक फोनवर डबा म्हणून झळकत होता. काका जिना उतरताना भिंतीच्या कडेकडेने उतरले.

पण रविवार आला आणि हेडफोन जोडला गेला. काकूंनी तो कानांवर चढवला, लेक काहीतरी बोलली, आणि काकूंचे डोळे एकदम भरून आले.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझा श्वाससुद्धा ऐकू येतोय!"

काकांना बरं वाटलं. ते उगाचच खिडकी लावायला गेले. परत येऊन बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

पडद्यावर लेकीचे ओठ हलत होते. काकू हसत होत्या, मध्येच "हो ना" म्हणत होत्या, मध्येच काकांकडे एक नजर टाकून "त्यांचं तसंच आहे" म्हणत होत्या. कसंच आहे? कुणाचं? बोलणं संपल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"एवढा वेळ 'काही नाही' बोलत होतात?"

भिंतींच्या कानांचा बंदोबस्त झाला, आणि घरधन्याचेच कान बाहेर राहिले. पुढच्या रविवारी काकू काकांकडे पाठ करून बसल्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही जरा फिरून या ना." लग्नाला इतकी वर्षं झाली, काकूंनी त्यांना फिरून यायला कधी सांगितलं नव्हतं. काका इमारतीला एक फेरी मारून परत आले. काकूंचे डोळे लाल होते. "कांदा चिरला," म्हणाल्या. स्वयंपाकघरात काकांना एकही साल सापडलं नाही, आणि त्यांनी कचऱ्याचा डबादेखील उपसून बघितला होता.

मग काकांनी तेच केलं, जे आयुष्यभर केलं होतं. छाप्याची तयारी.

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे लहानसा ब्लूटूथ स्पीकर एकाच जातीचा होता, तो आणला. काकू बाजारात गेल्याचं साधून एका कॉम्प्युटरवाल्याला घरी बोलावलं. "आवाज हेडफोनमध्येही आला पाहिजे आणि या स्पीकरमध्येही. दोन्हीकडे एकदम."

"होईल. काकूंना काम करताना ऐकायला?"

"तसंच समज."

त्याने खटपट करून दोन्ही जोडलं, गाणं लावून दाखवलं आणि गेला. काकांनी स्पीकर स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागे दडवला. इथे दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. पण कुणाचंही काम फेरतपासणीशिवाय पास करायचं नाही, हा काकांच्या खात्याचा रिवाज. त्या कॉम्प्युटरवाल्याने आवाज आणखी कुठे वळवला नसेल कशावरून? काकांनी त्याने केलेली स्पीकरची जोड तोडली आणि स्वतः नव्याने जोडायला यादी उघडली. यादीत त्यांच्या स्पीकरचं नाव दोनदा होतं. अक्षर न् अक्षर सारखं.

एक खरा, एक नकली, हे उघड होतं. खरा माल नेहमी वर मांडतात आणि नकली खाली दडवतात, हा बाजारातला अनुभव. काकांनी वरचं नाव दाबलं. 'जोडले' अशी अक्षरं आली. आवाज लावून बघायला हवा होता, पण जिन्यावर काकूंची पावलं वाजली.

वरचं नाव ज्या स्पीकरचं होतं, तो खरोखरच वर होता. काकांच्या डोक्यावरच्या मजल्यावर एक निवृत्त किराणा दुकानदार राहायचे, एकटेच. मोबाइलवाल्याने तसलाच एक स्पीकर त्यांनाही विकला होता, आणि ते नेमके त्याच वेळी त्याची बटणं दाबत बसले होते. या दुकानदारांचं आणि काकांचं बोलणं नव्हतं. काकांनी त्यांचा तराजू एकेकाळी भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत जप्त केला होता. पुढे दुकानदारांनी जागा घेतली ती याच इमारतीत, खालच्या दारावरची पाटी न वाचता. तेव्हापासून जिन्यात दोघे समोरासमोर आले की दोघांनाही एकदम चपलेत खडा सापडायचा. फक्त काकांची लेक लहान असताना शाळेतून येताना त्यांच्या दुकानात शिरायची आणि गाल फुगवून बाहेर यायची. गोळी फुकट का देतो हा माणूस, असा काकांना तेव्हाही संशय होता.

रविवार उजाडला. काकूंनी हेडफोन चढवला. काका म्हणाले, "मी आत चहा टाकतो." लग्नानंतर पहिल्यांदाच टाकत होते, पण काकूंचं लक्ष नव्हतं. आत जाऊन काकांनी स्टुलावर चढून फळीवरच्या डब्यांना कान लावला.

काही नाही. साधं खुट्टसुद्धा नाही. बाहेरच्या खोलीतून मात्र काकूंचं बोलणं स्पष्ट येत होतं, कारण कानांवर हेडफोन असला की माणूस ओरडून बोलतो.

"अगं बाई! आणि डॉक्टरांनी हे आत्ता सांगितलं?"

काका स्टुलावर ताठ झाले.

"नाही नाही, तिकीट नको काढूस... ह्यांना काय विचारायचं? ह्यांना सांगितलेलंच नाही... ते हो म्हणतील गं. तोच तर घोर आहे मला."

डॉक्टर. तिकीट. सांगितलेलंच नाही. हिला काही दुखणं झालंय का? कुठे जायचं म्हणतेय? आणि एवढ्या मोठ्या गोष्टीत आपण 'हो' म्हटल्याचा घोर कसला? त्यांनी स्पीकर हलवला, आपटला, पुन्हा कान लावला. तेवढ्यात वरच्या छतातून कुठल्यातरी बाईचा आवाज आल्यासारखा वाटला. वर तर तो दुकानदार एकटा राहतो! या वयात हे धंदे, असं काकांच्या मनात आलं, आणि आपलं घर बुडत असतानाही त्यांनी त्याची नोंद घेतली.

मग आवाज थांबला आणि थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. दारात दुकानदार उभे होते, हातात काकांच्या स्पीकरसारखाच स्पीकर घेऊन. जिन्यात खडा शोधायची वेळ टळून गेली होती.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या लेकीचा आवाज माझ्या घरात येतोय."

"म्हणजे ती बाई..."

"कुठली बाई?"

"काही नाही. तुम्ही माझ्या घरातलं चोरून ऐकता?"

"मी गाणी लावायला बसलो होतो. यातून पोरगी रडायला लागली. आवाज ओळखला, म्हणून बंद केलं आणि खाली आलो. दुसऱ्याचा माल घरात ठेवायचा नसतो."

काकांनी मागे बघितलं. काकू पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या, हेडफोनमुळे बेलही ऐकली नव्हती. काकांनी दार ओढून घेतलं आणि दोघे जिन्याच्या पायरीवर बसले.

"काय म्हणत होती?"

"तुम्ही नाही ऐकलं?"

"मला हिचं ऐकू आलं. तिचं नाही."

"मला तिचं आलं. वहिनींचं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच तराजूचं एकेक पारडं दोघांच्या हातात होतं, आणि दुसऱ्याने खोटं वजन टाकू नये म्हणून कुणी पहिल्यांदा ठेवायला तयार नव्हतं.

"आधी तुम्ही सांगा," काका म्हणाले.

"साहेब, प्रश्न माझ्याकडे आहेत, उत्तरं तुमच्याकडे. मलाच सुरू करावं लागेल." दुकानदारांनी डोळे मिटले. "ती म्हणाली, 'आई, डॉक्टरांनी आता बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय. उठायचंच नाही.'"

काका हळूच म्हणाले, "मग ही म्हणाली, 'अगं बाई, आणि डॉक्टरांनी हे आत्ता सांगितलं?'"

जुळलं. दुकानदारांनी मान हलवली. "'तू ये ना. मला भीती वाटते. तिकीट काढू का?'"

"'तिकीट नको काढूस.'"

"तिथे रडली ती. म्हणाली, 'बाबांना विचारलंस तरी का?'"

"'ह्यांना सांगितलेलंच नाही.'"

"'का? बाबा नाही म्हणतील?'"

"'ते हो म्हणतील. तोच घोर आहे.'" काका थांबले. "कसला घोर?"

"तेच तिने विचारलं. 'मग अडचण काय आहे?' म्हणाली. तेव्हा मी बंद केलं. वहिनी काय म्हणाल्या त्यावर?"

"तेव्हा मी वर, तुमच्या घराकडे बघत होतो."

पण उत्तरासाठी थांबावं लागलं नाही. आत बोलणं फिरून तिथेच आलं होतं, आणि काकू इतक्या मोठ्याने बोलत होत्या की दार ओढलेलं असूनही अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं. "अगं, मी गेल्यावर हे खातील काय? कुणाच्या हातचं घेणार आहेत का? कामाला बाई ठेवली तर तिच्यामागे फिरतील, बाहेरून मागवलं तर तोलत बसतील. वर 'माझं मी बघतो' म्हणून मला पाठवतील, आणि इथे उपाशी राहतील. मला माझ्या माणसाची काळजी नको?"

काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापात खोट काढली होती. आपली खोट बायकोने अशी जिन्यात मोजून दाखवल्यावर त्यांना खरंच फार वाईट वाटलं. पोरगी तिकडे घाबरून पडली होती, तिची आई इकडे रडत होती, आणि दोघींच्या मधोमध आपण काटा घेऊन उभे होतो. ते चष्मा पुसत राहिले.

"वहिनींना जाऊ द्या," दुकानदार म्हणाले. "डबा वरून येईल. मी एकट्यापुरतं करतोच. दोघांपुरतं करायला पातेलं तेच लागतं."

"तुम्ही कशाला करायचं?" संशय काकांच्या तोंडून आपोआप निघाला.

"पोरगी माझ्या दुकानात यायची, साहेब. तुम्ही तराजू नेलात त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली होती. ते दिवसभरातलं एकच गिऱ्हाईक."

काकांनी चष्मा नाकावर चढवला. मग म्हणाले, "तो तराजू..."

"खोटाच होता," दुकानदार शांतपणे म्हणाले. "तुम्ही पकडलंत ते बरोबर होतं. पण आज आणलेलं बोलणं पुरतं तोलून आणलंय."

काका उठले, घरात गेले आणि काकूंच्या मागे, कॅमेऱ्यात दिसतील असे उभे राहिले. "तिकीट काढ," ते लेकीला म्हणाले. "आई येतेय."

लेक पलीकडून काहीतरी बोलली. काकूंनी दचकून मागे पाहिलं आणि हेडफोन एका कानावरून सरकवला. "ती विचारतेय, तुमच्या जेवणाचं काय?"

"वरचे देणार आहेत."

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग दारात उभ्या असलेल्या दुकानदारांकडे, मग त्यांच्या हातातल्या स्पीकरकडे. "तुम्ही दोघं चोरून ऐकत होतात?"

"अर्धं अर्धं," काका म्हणाले.

काकू गेल्या. पहिल्या दिवशी डबा आला, तेव्हा काकांनी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग स्वयंपाकघरातला मोठा काटा काढला. सवय जाता जात नाही. एका ताटाचं वजन त्यांना ठाऊक होतं, कारण एकदा त्यांनी काकूंच्या हातचं ताट तोललं होतं आणि त्या दिवशी त्यांना ते नुसतं तोलायलाच मिळालं होतं. दुकानदारांचा डबा त्यापेक्षा जास्त भरला. दुसऱ्या दिवशीही जास्तच. तिसऱ्या दिवशी तर झाकण बसत नव्हतं. कमी भरलेला माल काकांनी जन्मभर पाहिला होता, जास्त भरलेला कधीच नाही, आणि त्यांना जबर संशय आला.

ते डबा घेऊन तडक वर गेले. दुकानदार जेवायला बसत होते.

"हे काय चालवलंय?" काका म्हणाले. "रोज वजन जास्त भरतंय."

"भरणारच," दुकानदार दुसरं ताट मांडत म्हणाले. "इतकी वर्षं कमी घातलेलं कुठेतरी परत करायला नको?"

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, आणि आत येऊन त्या ताटाशी बसून डब्याचं झाकण काढलं.